पाळकाची लेक

एखादा नवा गवई मैफलीला बसला, की तंबोरे जुळेपर्यंत मागच्या रांगेतून एक कुजबूज हटकून ऐकू येते : ‘कोणाचा हो हा? घराणे कोणते?’ गाणे कसे आहे हे कळायला अजून अवकाश असतो. पण गाणे कुठून आले हे आधी कळले म्हणजे आपल्या जिवाला बरे वाटते. अमेरिकेतल्या निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजात अरीथा फ्रँकलिन नावाची जी थोर गायिका होऊन गेली, तिच्याविषयी हाच प्रश्न विचारला, तर उत्तर मोठे मौजेचे मिळते. तिचे घराणे कीर्तनकाराचे!

‘कीर्तनकार’ हा शब्द मी ओढूनताणून वापरीत नाही. अरीथाचे वडील रेव्हरंड क्लॅरेन्स लाव्हॉन फ्रँकलिन हे बॅप्टिस्ट पंथाचे पाळक होते, आणि त्यांच्या प्रवचनाची तऱ्हा आपल्या हरिदासांना ताबडतोब ओळखू आली असती. आरंभी ते शांतपणे, गद्यात, बायबलातील एखाद्या वचनाचा अर्थ उलगडून सांगत. मग हळूहळू आवाज चढे, वाक्ये तोकडी होत, शब्दांना ताल येई आणि शेवटी ते प्रवचन चक्क सुरात शिरे. समोरची मंडळी टाळ्या वाजवून, हुंकार देऊन त्यांना साथ करी. पूर्वरंग संपून उत्तररंग कधी लागला, हे कळूही नये! या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, दुकानांतून विकल्या गेल्या, रेडिओवर वाजल्या. गरुड पक्षीण आपल्या पिलांचे घरटे कशी हलवते, या विषयावरचे त्यांचे प्रवचन तर अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात जतन करण्यात आले आहे. ‘लाख मोलाचा आवाज’ असे त्यांचे वर्णन लोक करीत.

मिसिसिपीहून डेट्रॉइटला

हे रेव्हरंड १९१५ साली मिसिसिपी राज्यात, अर्धेलीने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुटुंबात जन्मले. जन्मदाता बाप लहानपणीच घर सोडून गेला. फ्रँकलिन हे आडनाव मिळाले ते सावत्र वडिलांकडून. कापसाच्या शेतात राबत असतानाच त्यांना प्रवचनाचा नाद लागला, आणि विशीच्या आतच ते पाळक झाले. पुढे लक्षावधी काळ्या कुटुंबांनी दक्षिणेतला जाच सोडून उत्तरेची वाट धरली, त्याच लोंढ्यातून हे कुटुंबही वर सरकले. मेंफिस शहरातील एका लहानशा लाकडी घरात २५ मार्च १९४२ रोजी अरीथाचा जन्म झाला. तेथून बफेलो आणि १९४६ साली मोटारींच्या कारखान्यांचे गाव डेट्रॉइट, असा त्यांचा प्रवास झाला. डेट्रॉइटच्या ‘न्यू बेथेल’ चर्चमध्ये रेव्हरंड स्थिरावले आणि पाहता पाहता तेथे रविवारी उभे राहायलाही जागा मिळेनाशी झाली.

आई बार्बरा सिगर्स ही स्वतः उत्तम गाणारी आणि पियानो वाजवणारी. पाच मुले घरात होती : बार्बराचा थोरला मुलगा व्हॉन, मग अर्मा, सीसिल, अरीथा आणि धाकटी कॅरोलिन. बाहेरून पाहणाऱ्याला हेवा वाटावा असे हे घर. पण आत सारे आलबेल नव्हते. व्यासपीठावर देववाणी बोलणारे रेव्हरंड घरी सद्गुणांचा पुतळा नव्हते. मेंफिसच्या त्यांच्या मंडळीतील एका अगदी कोवळ्या वयाच्या मुलीला त्यांच्यापासून १९४० साली अपत्य झाले होते. अशा माणसाच्या थोरपणाचे गोडवे गाताना हे झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. १९४८ साली बार्बराने घर सोडले आणि ती बफेलोला जाऊन राहिली. आई मुलांना टाकून गेली, अशी बोलवा पुढे पुष्कळ वर्षे होती. अरीथाने ती सदैव खोडून काढली. सुट्टीत मुले आईकडे जात, आई त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसे. पण मार्च १९५२ मध्ये, अरीथाची दहा वर्षे पुरी व्हायला काही दिवस उरले असताना, चौतिसाव्या वर्षी बार्बरा हृदयविकाराने गेली.

आईविना वाढणाऱ्या मुलांचे जे होते, तेच झाले. आजी रेचेल घर सांभाळायला आली; मुले तिला ‘बिग मामा’ म्हणत. मुलगी अबोल झाली. पियानो शिकवायला बाई ठेवल्या, तर ती लपून बसे; पण घर रिकामे झाले, की पियानोजवळ जाऊन ऐकलेले गाणे कानाने उचलून वाजवी. काही मुले दुःख बोलून दाखवतात, काही दाबून टाकतात. या मुलीने ते पट्ट्यांवर बोटे ठेवून बाहेर काढले.

घरी आलेले पाहुणे

आणि पाहुणे तरी कोण यावेत! गॉस्पेल गाण्याची सम्राज्ञी महालिया जॅक्सन या घरी येई आणि स्वयंपाकघराचा ताबा घेई. क्लारा वॉर्ड येई, जेम्स क्लीव्हलंड येई. देखणा, रेशमी गळ्याचा सॅम कुक येई. जॅझमधला जादूगार आर्ट टेटम येऊन पियानो वाजवी. लहान अरीथाने हे सारे जिन्याच्या पायऱ्यांवर बसून फुकटात ऐकले. तालीम म्हणतात ती दुसरी कोणती?

येथे ‘गॉस्पेल’ या शब्दाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. गुलामांच्या वंशजांनी आपल्या चर्चमधून टाळ्यांच्या तालावर, अंगात आल्यासारखी गायलेली ही भक्तिगीते. त्यांना आजचे रूप दिले शिकागोच्या टॉमस डॉर्सी यांनी. हे गृहस्थ आधी ब्लूज गाणाऱ्यांच्या मागे पियानो वाजवीत; म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर फडावरची साथ करून देवळात आलेले! १९३२ साली त्यांची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ नवजात बाळही गेले. त्या दुःखात त्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत रचले. भल्या भल्या पाळकांनी प्रथम नाके मुरडली. हे चालीने बाटलेले गाणे देवापुढे नको, म्हणाले. पण दुःखाला सोवळे-ओवळे नसते. पुढे तेच गीत साऱ्या काळ्या अमेरिकेच्या ओठी बसले. महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, तेव्हा त्यांनीही गावच्या मातीतलीच चाल देवापुढे ठेवली होती.

एका नातलग बाईच्या अंत्यविधीला क्लारा वॉर्ड गात होती. गाण्याच्या भरात तिने डोक्यावरची टोपी काढली आणि जमिनीवर भिरकावली. ते पाहून छोट्या अरीथाने मनाशी गाठ बांधली, की आपण गायिकाच व्हायचे. आई गेल्यावर ती वडिलांच्या चर्चमध्ये एकटीने गाऊ लागली, त्यांच्याबरोबर गावोगाव दौऱ्यावर जाऊ लागली. १९५६ साली, चौदा वर्षांची असताना, तिची चर्चमधली गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्या वयापर्यंत ती एका मुलाची आई झाली होती. लगेच दुसरा झाला. शाळा सुटली. ती मुले बिग मामाच्या मांडीवर वाढली. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. बाराव्या वर्षी मातृत्व लादल्या गेलेल्या मुलीचा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा का वाटतो, याचे कोडे थोडे सुटते.

देऊळ सोडले की नाही?

अठराव्या वर्षी अरीथाने चर्चबाहेरचे गाणे गायचे ठरवले. आपल्याकडे कुलीन घरातल्या मुलीने रंगभूमीवर पाऊल ठेवले, तेव्हा जसा गहजब झाला, तसाच तेथेही व्हायचा. गॉस्पेलमधला लाडका सॅम कुक १९५७ साली प्रेमगीते गाऊ लागला, तेव्हा भाविकांनी त्याला जवळजवळ वाळीतच टाकले. रे चार्ल्सने तर १९५४ साली भक्तिगीताच्या चालीवर प्रेयसीचे गाणे बसवले. यातूनच जे नवे गाणे निघाले, त्याला नाव पडले ‘सोल’, म्हणजे आत्मा. देवाच्या जागी प्रियकर, बाकी आर्तता तीच! आपल्या संतांनी उलटी वाट चोखाळली होती. विरहिणीच्या तोंडची तळमळ उचलून त्यांनी ती विठ्ठलाच्या पायी घातली. दोन्हींकडे एकच कळ आहे, हे ज्याला उमगले त्याला बाटण्याचे भय राहत नाही.

रेव्हरंडांना ते उमगले होते. त्यांनी मुलीला अडवले तर नाहीच, उलट ते तिला स्वतः न्यूयॉर्कला घेऊन गेले. १९६० साली कोलंबिया कंपनीशी करार झाला. आणि मग सहा वर्षे वाया गेली म्हणावे, इतके थोडे यश मिळाले. कंपनीने तिला गुळगुळीत चालींची, व्हायोलिनच्या लडिवाळ साथीची गाणी दिली. आवाज सर्वांना आवडे; पण त्या आवाजाला त्याचे घर मिळत नव्हते.

१९६७ च्या जानेवारीत अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने तिला अलाबामा राज्यातल्या मसल शोल्स या आडगावी नेले आणि एकच शहाणपणा केला : तिला पियानोवर बसवले. चर्चमध्ये बसत असे तशी ती बसली, पहिला झणत्कार केला, आणि भोवतालचे गोरे वादक कान टवकारून उभे राहिले. एक गाणे पुरे झाले. दुसरे अर्धवट असताना तिचा नवरा आणि तेथील मंडळी यांची दारूच्या भरात जुंपली, आणि सारे मुसळ केरात! ती निघून गेली. ते अर्धे गाणे पुढे न्यूयॉर्कला पुरे झाले ते बहिणींच्या साथीने.

१४ फेब्रुवारी १९६७ रोजी ‘रिस्पेक्ट’ हे गाणे मुद्रित झाले. मुळात ते ओटिस रेडिंग या गायकाचे, १९६५ सालचे. त्यात कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. अरीथाने तेच गाणे बाईच्या तोंडी घातले. त्या एका शब्दाची अक्षरे सुटी करून तिने ती अशी काही फेकली, की मागणीची ताकीद झाली. मागे अर्मा आणि कॅरोलिन या सख्ख्या बहिणींचा ठसकेबाज ध्रुवपदाचा घोष! जूनमध्ये ते देशात पहिल्या क्रमांकावर गेले. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्यांनी ते आपले मानले, स्त्रियांनी आपले मानले. आणखी एक गंमत नोंदवतो. अमेरिकेतील कायद्याप्रमाणे रेडिओवर गाणे वाजले, की मानधन गीत रचणाऱ्याला मिळे. गाणाऱ्याला छदामही नाही. तेव्हा रेडिओने ते गाणे हजारो वेळा वाजवले, त्याचे पैसे ओटिसच्या खाती! मानाचे गाणे गाणाऱ्या बाईच्या पदरी नुसता मान.

गांधींचे ऋण

हा मान कशासाठी मागितला जात होता, ते अरीथाने घरातच पाहिले होते. मार्टिन ल्यूथर किंग हे रेव्हरंडांचे स्नेही. १९५९ साली ते भारतात आले, मुंबईत मणिभवनात गांधीजींच्या खोल्यांत राहिले आणि सत्याग्रहावरची श्रद्धा दृढ करून परतले. २३ जून १९६३ रोजी डेट्रॉइटमध्ये लाखावर लोकांची शांततामय मिरवणूक निघाली. तिच्या पुढाऱ्यांत रेव्हरंड फ्रँकलिन होते. पुढे दोन महिन्यांनी वॉशिंग्टनला गाजलेल्या ‘स्वप्ना’च्या भाषणाचा एक आधीचा अवतार किंगनी त्या दिवशी डेट्रॉइटला ऐकवला. १९६८ साली किंग यांची हत्या झाली, तेव्हा अंत्यविधीत महालियाने डॉर्सींचे तेच गीत गायले. ही महालिया १९७१ साली भारतात येऊन गायली होती. दिल्लीच्या श्रोत्यांत इंदिरा गांधी होत्या. पुढल्याच वर्षी ती गेली, आणि तिच्या शवपेटीपाशी ते गीत गायले अरीथाने. गुरूचा तंबोरा असा हाती यावा!

वडिलांवर जीव होता, म्हणून मुलगी त्यांच्या ओंजळीने पाणी पीत होती असे मात्र नाही. १९७० साली अँजेला डेव्हिस या तरुण क्रांतिकारक बाईंना अटक झाली, तेव्हा अरीथाने जामीन भरण्याची तयारी जाहीर केली. रेव्हरंडांना ते पसंत नव्हते. वडिलांचा आदर राखून, पण त्यांचे न ऐकता, ती आपल्या शब्दावर कायम राहिली. पुढे ती परदेशी असल्याने जामीन दुसऱ्याने भरला, हा भाग वेगळा.

घामाचा थेंब

१९७२ च्या जानेवारीत, कीर्तीच्या शिखरावर असताना, तिने दोन रात्री लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतल्या एका चर्चमध्ये भक्तिगीते गायली. तो भागही पूर्वी सिनेमागृह असलेल्या इमारतीतला! डेट्रॉइटचे न्यू बेथेल चर्च १९६३ साली एका जुन्या थिएटरातच गेले होते, हे आठवले म्हणजे देऊळ आणि नाटकगृह यांच्यातली भिंत किती पातळ असते ते कळते. बालपणी घरी येणारा जेम्स क्लीव्हलंड गायकवृंदाला घेऊन साथीला होता. ‘अमेझिंग ग्रेस’ नावाने निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेच्या वीस लाखांवर प्रती खपल्या. इतका खप तिच्या दुसऱ्या कोणत्याही संचाचा झाला नाही. चित्रीकरणही झाले होते. पण आवाज आणि चित्र जुळवण्याची खूणच कोणी केली नव्हती. शिवाय ते दाखवायला पुढे अरीथानेच कोर्टात जाऊन हरकत घेतली. त्यामुळे तो चित्रपट तिच्या मृत्यूनंतर, २०१८ च्या अखेरीस लोकांपुढे आला.

आम्ही तो घरी सहकुटुंब पाहिला. माझ्या आईला इंग्रजीचा गंध नाही. पण ती शेवटपर्यंत जागची हलली नाही. दुसऱ्या रात्रीचा प्रसंग आहे. अरीथा डोळे मिटून पियानोवर गाते आहे, दिव्यांच्या झोताने चेहरा घामाने निथळतो आहे. पहिल्या रांगेतून निळ्या सुटातले रेव्हरंड उठतात, तिच्याजवळ येतात आणि तिचा चेहरा हळुवारपणे टिपतात. ती गाणे थांबवत नाही. आई एवढेच म्हणाली, ‘बाप आहे ना तो?’ मी मान डोलावली. त्या माणसाचे सारे दोष ठाऊक असूनही त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते ठाऊक असल्यामुळेच ते सुखाचे नव्हते.

उतरती सावली

१० जून १९७९ रोजी चोरांनी रेव्हरंडांच्या घरात शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते शुद्धीवर आलेच नाहीत. मुलांनी त्यांना घरीच, परिचारिकांच्या देखरेखीखाली ठेवले. पाच वर्षे! खर्चाचा मोठा भार अरीथावर होता; ती गात होती आणि औषधपाण्याचे भागवत होती. कॅलिफोर्नियातला संसार आटोपून ती डेट्रॉइटला परत आली. जुलै १९८४ मध्ये ते गेले. १९८८ साली कॅरोलिन गेली, पुढच्या वर्षी सीसिल, २००२ साली अर्मा आणि व्हॉन. ज्यांच्या साथीने ध्रुवपद म्हणायचे, ती माणसे एकामागून एक उठून गेली.

मानसन्मान मात्र येत राहिले. अठरा ग्रॅमी पारितोषिके मिळाली. रॉक अँड रोलच्या सन्मानगृहात १९८७ साली पहिली स्त्री म्हणून तिचीच निवड झाली. २००९ साली बराक ओबामांच्या शपथविधीला ती गायली, आणि गाण्याइतकीच तिच्या डोक्यावरच्या भल्या मोठ्या टोपीची चर्चा झाली. तऱ्हेवाईकपणाही होता. एका छोट्या विमानाच्या हेलकाव्यांनी ती एवढी धसकली, की पुन्हा विमानात बसली नाही. देशभर बसनेच हिंडली. बिदागी आधी, तीही रोख. पैशांची पर्स रंगमंचावर नजरेसमोर! लोक हसत. पण काळ्या कलावंतांच्या कमाईवर इतरांनी घरे बांधलेली जिने लहानपणापासून पाहिली, तिने पर्स कोणाच्या हाती द्यावी?

१६ ऑगस्ट २०१८ रोजी, शहात्तराव्या वर्षी, कर्करोगाने ती डेट्रॉइटला वारली. लोकांना अखेरचे दर्शन घेता यावे म्हणून तिला न्यू बेथेल चर्चमध्येही नेण्यात आले. त्यानंतर निघाला एक घरगुती घोळ, आणि तो वाचून पुष्कळ वाचक आपल्या घरातील कपाटाकडे बघतील. एवढी हुशार बाई, पण रीतसर मृत्युपत्र केलेले नाही! हाताने लिहिलेले कागद सापडले. २०१० सालचे कुलुपाच्या कपाटात, आणि २०१४ सालचे एका वहीत, दिवाणखान्यातल्या कोचाच्या गादीखाली. मुलांची आपसात कोर्टकचेरी झाली. २०२३ च्या जुलैत ज्यूरीने तासाभराच्या आत निर्णय दिला : कोचाखालची वही खरी.

त्या वहीत घरेदारे होती, मोटारी होत्या, पैसाअडका होता. त्याची वाटणी झाली. बार्बरा सिगर्सपाशी वाटून द्यायला यातले काहीच नव्हते. चौतिसाव्या वर्षी ती गेली, तेव्हा बफेलोच्या घरी सुट्टीत येणारी एक अबोल मुलगी मागे राहिली, जिला पियानोजवळ एकटीने बसायची सवय होती. डेट्रॉइटच्या वुडलॉन दफनभूमीत ती मुलगी आता वडील, भाऊ आणि बहिणी यांच्या शेजारी विसावली आहे. तिची गाणी घरी मिळाली, तर या दिवाळीत फराळाची ताटे बाजूला सारून एकदा जरूर ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालेल. आमच्या आईलाही कळले नव्हते.